माटवीला बांधलेल्या भाज्या

माझ्या धाकट्या भावाची मुलगी भाजी खात नाही, ही खबर चतुर्थीच्या आधीच गावी पोचली होती. भाऊ ठाण्याला असतो. त्याच्या बायकोने फोनवर माझ्या बायकोला सांगितलं, "वहिनी, पाच दिवस घरात मासे नसणार. ही काय खाणार याचीच मला काळजी आहे." सात वर्षांची मुलगी. वरणभात, बटाटा आणि तळलेला मासा एवढ्यावर वाढलेली. हिरवं काही ताटात दिसलं की ती ताट पुढे सरकवायची. रडायची नाही, हट्ट करायची नाही. फक्त सरकवायची आणि बसून राहायची.

मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

मी सरकारी कचेरीत मोजमापाचं काम करतो. रस्ता किती रुंद झाला, मोरी किती खोल गेली, कागदावर लिहिलंय तेवढं जमिनीवर आहे की नाही, हे बघायचं. माझं माप सहसा चुकत नाही, आणि चुकलं तर मी स्वतःच पुन्हा जाऊन मोजतो. घरातही माझं तसंच चालतं. एखादी गोष्ट ठरली की ती तशीच झाली पाहिजे. माझी बायको याला माझा आजार म्हणते. मला मात्र तो माझा गुण वाटायचा.

आमचं घर मिठबावपासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे. गणपती पाच दिवसांचा. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी पट्ट्यांची एक चौकट छताला टांगलेली असते. तिला आंब्याचे टाळ, म्हणजे पानांच्या डहाळ्या, बांधायचे आणि मग त्या दिवसांत रानात, परसात, मळ्यात जे जे पिकतं ते सगळं खाली लोंबकळत सोडायचं. नारळ, सुपारीचा घड, काकडी, दोडका, पडवळ, निरफणस, रानातली फुलं, रानातली फळं. बांधायला सुतळी नाही, झाडाच्या सालीचे वाक. आमची चौकट चार फूट बाय तीन फूट आहे, आणि तिच्यावर काय कुठे लागतं हे मला वडिलांनी दाखवलेलं आहे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी भाऊ, भावजय आणि मुलगी आली. दुपारी जेवणात शेवग्याच्या पाल्याची भाजी होती. मुलीने ताट सरकवलं. भावजय काही बोलणार तेवढ्यात मी तिला हाताने थांबवलं. जेवण झाल्यावर मी मुलीला आणि शेजारच्या दोन मुलांना ओटीवर बोलावलं. मधोमध सूप ठेवलं होतं आणि सुपात भाज्या.

पहिल्यांदा आम्ही भेंड्या आडव्या कापल्या आणि गेरूत बुडवून जुन्या कापडावर ठसे उमटवले. प्रत्येक ठशात एक फूल निघतं. मखराच्या मागे तेच कापड लावायचं ठरलं. मग पडवळाच्या चकत्या करून त्यातला गर काढला आणि मुलांनी त्या हातात बांगड्यांसारख्या घातल्या. मुलीच्या वाट्याला टोकाकडच्या बारीक चकत्या आल्या, त्या मनगटात जाईनात, म्हणून तिने त्या बोटांत घातल्या. "अंगठ्या," ती म्हणाली. ती सकाळपासून माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

मग मी खेळाचा नियम सांगितला. माटवीची एक एक पट्टी एकेकाची. त्या पट्टीला काय बांधायचं ते त्याने निवडायचं, स्वतःच्या हाताने बांधायचं. गणपती पाच दिवस खालून ते बघणार. विसर्जन झालं की माटवी उतरवायची, आणि ज्याने जे बांधलं ते त्याने खायचं. पुरतं खायचं. टाकायचं नाही.

"कडू असलं तर?" शेजारचा मुलगा म्हणाला.

"मग आधी विचार करून बांधायचं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "तुमी चेडवाक खेळवतास काय कायदो शिकवतास?"

"खेळाक कायदो लागता," मी म्हटलं.

तेवढ्यात भावजय बाहेर आली आणि पोरांच्या हातातल्या चकत्या बघून हसली. तिला हा प्रकार आवडला होता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. शहरातून आलेल्या माणसाला आपल्या घरातली एखादी गोष्ट आवडावी, आपल्याला काही जमतं हे तिला दिसावं, ही हाव माझ्यात बरीच आहे.

संध्याकाळी मी शिडीवर चढलो आणि मुलं खालून एकेक वस्तू देऊ लागली. मुलीने दोन भेंड्या दिल्या, मग एक काकडी. तिने वाकाची गाठ मारली, मी ती पट्टीला अडकवली. गाठ सैल होती. मी ती सोडून परत दिली, तिने पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी गाठ बसली. मी तिला म्हटलं, "आता पक्की." ती खुश झाली.

मग तिची नजर कोपऱ्यातल्या टोपलीवर गेली. सकाळी मी डोंगरातून आणलेलं रानातलं सामान त्यात होतं. त्यातलं कवंडळ तिने उचललं. लिंबापेक्षा थोडं मोठं, लालभडक, तुळतुळीत. माटवीवर कवंडळ लागतंच. मधोमध लोंबत असलं की सगळ्या हिरव्यात ते उठून दिसतं.

"काका, हे काय?"

"कवंडळ."

"हे मी बांधू? माझ्या पट्टीला?"

"बांध की."

"माझं ना मग हे?"

"तुझं."

मी तेव्हा सुपारीच्या घडाचं वजन पेलेल अशी जागा शोधत होतो. पट्टी वाकता कामा नये, याकडे माझं सगळं लक्ष होतं. कवंडळ खायचं नसतं हे मी तिला सांगितलं नाही, कारण ते सांगायचं असतं असं माझ्या मनातच आलं नाही. आमच्याकडे ते कोणी कोणाला सांगत नाही. मला कोणी सांगितलं होतं ते मला आठवत नाही. शेजारच्या दोन मुलांनी पाहिलं, त्यांनाही काही वाटलं नाही. कवंडळ टांगायचं असतं, एवढंच ते असतं. ते विषारी आहे, कावळासुद्धा त्याला तोंड लावत नाही, हे इथल्या पोराला चालायला लागल्यापासून माहीत असतं. ठाण्याच्या पोरीला कसं असणार?

पुढचे दिवस चांगले गेले. मुलीला माटवीचं वेडच लागलं. आरतीला उभी राहिली की ती गणपतीकडे कमी आणि वर जास्त बघायची. आपली काकडी सुकत नाही ना, भेंडी काळी पडते की काय. दुसऱ्या दिवशी खतखतं होतं. सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेल्या. तिने त्यातला एकेक तुकडा उचलून विचारलं, "हा कोण?" मी सांगितलं, हा सुरण, हा भोपळा, हा शेंगेचा तुकडा. तिने भोपळा खाल्ला. पूर्ण नाही, पण खाल्ला. भावजयीने भावाकडे पाहिलं, भावाने माझ्याकडे. मी जेवत राहिलो, जणू मला काही दिसलंच नाही. पण दिसलं होतं.

त्या रात्रीच्या आरतीला आलेल्या बायकांत ही गोष्ट पसरली. एक जण मला म्हणाली, "आमच्या झिलाक धाडतंय तुमच्याकडे. तो भाजी बघून पळता."

"मुलांना हुकूम करायचा नाही," मी म्हटलं. "त्यांना काम द्यायचं. जबाबदारी द्यायची." अशी दोन-तीन वाक्यं मी बोललो. ती मला आता शब्दाला शब्द आठवतात, आणि आठवली की कान गरम होतात.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माटवी उतरवायला घेतली. मुलं खाली उभी होती. काकड्या कापल्या, ज्याची त्याला दिली. मुलीने आपली काकडी पूर्ण खाल्ली. भेंड्या सुकल्या होत्या, तरी बायकोने त्या तव्यावर परतून दिल्या. तिने एक खाल्ली, दुसरी हातात धरून थोडा वेळ बसली, मग तीही खाल्ली. भावजयीने मोबाइलवर तिचा फोटो काढला.

मी शिडीवरच होतो. सुकलेले टाळ आणि रानातलं सामान काढून खाली टाकत होतो. त्याचा ढीग नंतर ओहोळात सोडायचा होता. मुलगी शिडीखाली आली.

"काका, माझं एक राहिलंय."

मला वाटलं, काकडीची फोड. बायकोने काही फोडी झाकून ठेवल्या होत्या. मी वळूनही पाहिलं नाही.

"मग घे की," मी म्हटलं. "ज्याचं त्याने खायचं."

ती गेली. मी काम करत राहिलो. शेवटची पट्टी पुसून शिडी भिंतीला लावली, हात धुतले. मग बायको मागच्या दारातून आली आणि म्हणाली, "चेडू खंय आसा? भायर काय तरी खाता."

ती मागच्या पायरीवर बसली होती. मांडीवर केळीचं पान, त्यावर फुटलेलं कवंडळ. लाल साल बाजूला नीट रचून ठेवली होती, आतला काळपट हिरवा गर बोटांना लागला होता. तिचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती रडत नव्हती. मला बघून ती म्हणाली, "काका, हे खूप कडू आहे." मग पानाकडे पाहून म्हणाली, "पण अर्धं झालं."

मी तिच्या हातातून ते हिसकावलं. तोंडात बोटं घालून उरलेलं काढलं. ती घाबरली ती माझ्यामुळे, कडवटपणामुळे नाही. बायकोने पाणी आणलं, चूळ भरायला लावली, आणि लगेच मुलीला उलटी झाली. मग दुसरी. मग पोट धरून ती तिथेच वाकली.

भाऊ धावत आला. "दादा, काय झालां हिका?"

"कवंडळ खाल्ल्यान."

"कवंडळ कोण खाता?" तो म्हणाला. तो इथलाच आहे, त्याला खरंच समजेना. "कोणी दिल्यान तिका?"

मी त्याला गाडी काढ म्हणालो. पानावर उरलेला गर आणि साल मी डब्यात घेतली. डॉक्टरना किती पोटात गेलं ते कळायला हवं, एवढं सुचलं. त्यावेळी जे सुचलं ते तेवढंच.

तालुक्याच्या दवाखान्यात जाईपर्यंत भावजय मागच्या सीटवर मुलीला धरून बसली होती. मुलगी दोनदा पुन्हा ओकली. तिचे ओठ पांढरे दिसत होते. मी पुढे बसून डबा दोन्ही हातांत धरला होता, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला माझ्या मणक्यात लागत होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मुलीला तपासलं, सलाईन लावायला सांगितलं, डबा उघडून बघितला. "हे फळ मी ओळखतो," ते म्हणाले. "गुरं खात नाहीत, माणसं कुठली? पोरं तोंडात घालतात कधी कधी, पण लगेच थुंकतात. एवढं कडू असतं की गिळताच येत नाही. हिने अर्धं गिळलं कसं?"

डॉक्टर मुलीजवळ वाकले. "बाळा, कडू लागलं ना?"

तिने मान हलवली.

"मग थुंकलं का नाहीस?"

"टाकायचं नव्हतं," ती म्हणाली.

डॉक्टरना कळलं नाही. भावाला कळलं नाही. भावजय म्हणाली, "कोणी सांगितलं असं? कोणी सांगितलं टाकायचं नाही म्हणून?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने नजर काढून घेतली आणि छताकडे बघत म्हणाली, "कोणी नाही. मीच."

सात वर्षांच्या मुलीने माझं नाव वाचवलं. पोटात कळा येत असताना, हातात सुई असताना. आणि मी तिच्या पायाशी उभा होतो, आणि एक क्षण, मोठा नाही पण होता, मी ते तसंच राहू द्यायचा विचार केला. राहू दे, पोर म्हणतेच आहे. त्या क्षणाची लाज मला नियमाच्या लाजेपेक्षा जास्त आहे. नियम घाईत झाला. हा विचार मी शुद्धीत केला.

मग मी म्हटलं, "मी सांगितलं. बांधलेलं पुरतं खायचं, टाकायचं नाही, असा नियम मी केला होता. हे खायचं नाही हे मी तिला सांगितलं नाही. आज सकाळी तिने विचारलं तेव्हा मी न बघता घे म्हणालो."

सगळं सरळ सांगितलं, कचेरीत सांगतो तसं. आवाज नेहमीसारखाच निघाला, आणि तेही मला ऐकायला बरं वाटलं नाही.

भावजयीने मुलीच्या अंगावरची चादर सारखी केली. मग ती म्हणाली, "भावोजी, तुम्ही जरा बाहेर बसा."

ती रागाने बोलली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी एक म्हातारा पायाला पट्टी बांधून बसला होता. त्याने विचारलं, "कोणाक आणलास?" मी म्हटलं, "पुतणीक." "काय झालां?" मी सांगितलं. तो म्हणाला, "कवंडळ? अरे देवा. शहरातली आसत काय?" मी हो म्हटलं. "तरीच," तो म्हणाला, आणि त्याला वाटलं आपण माझी समजूत घातली.

दुपारनंतर उलट्या थांबल्या. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले की धोका टळलाय, घरी न्या, आज पेज द्या, उद्या बघू. आम्ही परतलो. गाडीत भाऊ वातावरण हलकं करायला म्हणाला, "दादा, तुझ्या खेळात आमच्या चेडवाचो पयलो नंबर." भावजय हसली नाही. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती.

घरी मला जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "तुमी काय मुद्दाम केलास? जेवा आता."

"मुद्दाम नाय केलंय, म्हणानच," मी म्हटलं. तिला काय म्हणायचंय ते कळलं नसावं. मलाही ते नीट सांगता आलं नाही. मुद्दाम केलेल्या गोष्टीवर माणूस निदान लक्ष ठेवून असतो. मी एका मुलीला शब्द पाळायला लावलं आणि तो शब्द तिला कुठे नेतोय ते बघायला वळलो नाही. वळलो नाही कारण पट्टी वाकता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ते तीन दिवसांनी ठाण्याला गेले. निघताना भावजय माझ्या पाया पडली, नेहमीसारखी. पुढच्या वर्षी येऊ असं नेहमी म्हणते, ते म्हणाली नाही. मी ते मोजलं. माझी सवय.

महिन्याभराने तिचा फोन बायकोला आला. मी बाजूलाच होतो. ती म्हणाली, "वहिनी, एक सांगायचं राहिलं. ही आता सगळ्या भाज्या खाते. ताट सरकवत नाही." बायकोने ते मला मोठ्याने सांगितलं, आनंदाने. गावात ही गोष्ट फिरली, आणि फिरताना तिच्यातलं कवंडळ गळून पडलं. देवळाच्या पारावर कोणीतरी मला म्हणालं, तुमच्या खेळाचो चांगलो उपयोग झालो. मी काय झालं होतं ते त्याला सांगितलं. त्याने ते विनोद म्हणून ऐकलं.

गेल्या रविवारी मी स्वतः व्हिडिओ कॉल केला. ते जेवायला बसले होते. मुलगी मला बघून हसली. मग तिने ताट उचलून मोबाइलसमोर धरलं.

"काका, ही दोडक्याची भाजी आहे. ही खायची ना?"

"हो."

"आणि हा मुळा. हा पण खायचा असतो?"

"हो, तोही."

मागून भावजयीचा आवाज आला, "ती आता सगळ्यांना विचारते. शाळेत बाईंनाही विचारते, डबा उघडला की." तो आवाज तक्रारीचा नव्हता. नुसती माहिती होती.

मी मुलीला म्हटलं, "ऐक. तुला जे आवडत नाही ते तू टाकलंस तरी चालेल. काही पुरतं संपवायचं नाही. तो काकाचा नियम चुकीचा होता."

तिने विचार केला. "चुकीचा होता?"

"हो."

"पण मी तर पाळला," ती म्हणाली.

मी आणखी काही सांगतोय का ते तिने बघितलं. मग तिने दोडक्याचा घास घेतला. चावताना तिची नजर स्क्रीनवरच होती, माझ्या तोंडाकडे.